सांघिक वर्गीकरण (तूर दे फ्रान्स)

सांघिक वर्गीकरण ही तूर दे फ्रान्स या सायकल शर्यतीत सहभागी संघांची क्रमवारी ठरवण्याची पद्धत आहे. ती इ.स. १९३० पासून वापरात आहे. प्रत्येक टप्प्यात संघातील सर्वांत जलद तीन सायकलपटूंच्या वेळांची बेरीज केली जाते. सर्व टप्पे मिळून ज्या संघाची एकूण वेळ सर्वांत कमी असते, तो विजेता ठरतो. एखाद्या टप्प्यात दोन संघांची वेळ समान आल्यास त्या तिघांच्या क्रमांकांची बेरीज पाहिली जाते.

हे तीन सायकलपटू दर टप्प्यात वेगळे असू शकतात. त्यामुळे एकूण क्रमवारीत मागे असलेल्या सहाय्यक सायकलपटूने एखाद्या दिवशी घेतलेली आघाडीही संघाच्या कामी येते आणि वैयक्तिक विजेता व विजेता संघ निरनिराळे असू शकतात. इ.स. २०२० मध्ये यूएई टीम एमिरेट्सच्या तादेय पोगाचारने वैयक्तिक विजेतेपद मिळवले. सांघिक विजेतेपद मात्र मोविस्टार संघाला मिळाले. त्या संघाचा सर्वोत्तम सायकलपटू एन्रिक मास वैयक्तिक क्रमवारीत पाचवा होता.

अपघात किंवा माघारीमुळे तीनपेक्षा कमी सायकलपटू उरल्यास संघ या वर्गीकरणातून बाद होतो.