‘मूव्ह आउट’ला मराठी शब्द नाही

रात्रीच्या जेवणाच्या वेळी पंचविशी ओलांडलेला मुलगा किंवा मुलगी ‘मी मूव्ह आउट करायचं म्हणतेय’ असे जाहीर करते, तेव्हा मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरात ‘कुठे?’ हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो ‘काय झालं?’ नोकरी दुसऱ्या गावी लागली असेल, लग्न ठरले असेल किंवा परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल, तर बॅगा भरायला सारे घर लागते. पण नोकरी याच शहरात आहे, लग्नाचा विषय नाही, कोणाशी भांडणही नाही आणि तरीही चार स्थानके पलीकडे वेगळी खोली घ्यायची आहे, हे म्हणणे कोणत्याच खणात बसत नाही.

भाषेतही त्यासाठी खण नाही. ‘घर सोडले’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संन्यास येतो, नाही तर भांडण. ‘वेगळा झाला’ म्हटले की चूल, वाटणी आणि नव्या सुनेविषयीची कुजबुज ओघानेच आली. ‘पळून गेली’मध्ये बदनामी आहे, ‘बिऱ्हाड केले’मध्ये बायको गृहीत आहे. ‘खोली घेऊन राहतो’ हा त्यातल्या त्यात जवळचा प्रयोग; पण तो गावाहून शहरात आलेल्यांचा. कर्त्या वयाच्या अविवाहित माणसाने कोणतीही सक्ती नसताना आईवडिलांच्याच शहरात स्वतंत्र राहणे, या साध्या गोष्टीला इंग्रजी क्रियापद उसने घ्यावे लागते. अभिज्ञा भावे यांची भूमिका असलेल्या मराठी वेब मालिकेचे नावही ‘मूव्हिंग आउट’ असेच ठेवले गेले, यात नवल नाही.

मराठी रंगभूमी, चित्रपट आणि मालिकांनी घराबाहेर पडणाऱ्यांच्या कथा सांगितल्या नाहीत असे मात्र नव्हे. भरपूर सांगितल्या. फक्त त्या प्रत्येक कथेत जाणाऱ्यामागे एखादी सक्ती उभी असते, आणि ही सक्ती कोणती हे पाहिले की त्या त्या काळातील शहराचा हिशेब उलगडतो.

पहिली सक्ती पोटाची. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेला कामगार घर सोडून आला नव्हता. त्याचे घर गावीच होते, मुंबईत होती ती पाठ टेकण्यापुरती जागा. एकेका खोलीत अनेक जण राहत आणि पाळ्यांप्रमाणे झोपत. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे. (या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.) धोबीतलाव परिसरात गोव्याहून येणाऱ्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, बोटीवर नोकरी मिळेपर्यंत आणि दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात खलाशी तेथे मुक्काम करीत. या साऱ्या जगाची लोकप्रिय कलेतील सर्वांत ठसठशीत खूण म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती गाजली. तिच्यातील माणूस मुंबईत आहे आणि मन गावी. या परंपरेत घरापासून दूर राहणे ही सोसायची गोष्ट आहे, निवडायची नाही.

गावाहून येणाऱ्याला निदान जाण्यासाठी शहर होते. शहरातच जन्मलेल्याला जाण्यासाठी जागाच नव्हती, आणि याचे कारण संस्कारांइतकेच कायद्यातही होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना याचा मोठा आधार मिळाला. परंतु भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे मालकाला परवडेनासे झाले, आणि असलेली जागा पागडीशिवाय मिळेनाशी झाली. त्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट निघाली. मात्र १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मग घर कुलूप लावून रिकामे ठेवीन, पण उपऱ्याला देणार नाही, अशी मालकांची मनोवृत्ती झाली. त्या पिढीतील घरमालकाचा संशय हा त्याच्या स्वभावाचाच भाग मानला जातो. प्रत्यक्षात त्याला जागा कायमची जाण्याचे भय होते.

या कोंडीतून एक अख्खा चित्रपटप्रकार जन्माला आला. व. पु. काळे यांच्या कथेवरील, राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) आणि त्यावरून बासू चटर्जी यांनी केलेला ‘पिया का घर’ (१९७२) या दोन्हींत नवविवाहित जोडप्याला माणसांनी भरलेल्या घरात क्षणाचा एकांत मिळत नाही. प्रश्न अगदी खरा. अनेक प्रेक्षकांच्या स्वतःच्या घरातला. ‘पिया का घर’चा शेवट मात्र पाहण्यासारखा आहे. माहेरी परत निघालेल्या सुनेसाठी सासरची माणसे स्वतःच घर रिकामे करायला तयार होतात, ते पाहून ती विरघळते आणि राहते. खोली मिळत नाही, माया मिळते. जागेच्या प्रश्नाला नात्याचे उत्तर देण्याची ही रीत पुढे अनेक कथांनी गिरवली. ‘घरौंदा’ने (१९७७) तसे केले नाही. मुंबईत भाड्याच्या जागांत दिवस काढणारे दोघे स्वतःच्या सदनिकेसाठी पैसे साठवतात, बिल्डर फसवतो आणि नायक प्रेयसीला श्रीमंत, आजारी मालकाशी लग्न करण्याचे सुचवतो. जागेपायी माणूस किती घसरू शकतो, हे इतक्या थंडपणे हिंदी पडद्याने क्वचितच दाखवले असेल.

मराठीत हाच विषय सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचला तो हसत. सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी आहे, घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देणारी, म्हणून दोघे साडी नेसतात. धनंजय माने यांचा पत्ता विचारणारा प्रश्न आज त्या वेळी जन्मलाही नव्हता अशा पिढीला तोंडपाठ आहे. पण या विनोदाचा पाया तपासला तर तो कोरडा आणि व्यवहारी आहे: अविवाहित पुरुषांना खोली मिळत नाही. साडी हा त्या काळच्या अटींमधला एक मार्ग. प्रेक्षक पोट धरून हसत होते, कारण दारावरून परत पाठवले जाण्याचा अनुभव त्यांच्यातील अनेकांचा होता. आजही भाड्याचे घर शोधणाऱ्या तरुणांच्या गप्पांत या चित्रपटाचा उल्लेख हटकून येतो.

जाणाऱ्याची कथा अशी हसण्यावारी गेली; मराठी नाटकाने मागे राहिलेल्यांची कथा मात्र अतिशय गंभीरपणे घेतली. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’मधील वृद्ध जोडप्याचा एक मुलगा अमेरिकेत आहे आणि दुसरा सैन्यात. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मध्ये तर, डिसेंबर १९७० मध्ये पहिला प्रयोग झालेल्या या नाटकात, घर सोडण्याची वेळ आईवडिलांवरच येते. अशी नाटके पाहून रडलेल्या पालकांच्या घरात ‘मला वेगळे राहायचे आहे’ हे वाक्य आरोपासारखे ऐकू आले, तर ते समजण्यासारखे आहे.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) या सगळ्यांपेक्षा अधिक गुंतागुंत दाखवली. वैदर्भीय देशपांडे कुटुंबातील मुंबईला गेलेला सुधीर वडिलांच्या मृत्यूनंतर वाड्यावर येतो. तो ‘गेला’ म्हणून त्याच्याकडे पैसे असणार, असे मागच्यांना वाटते. मागे राहिलेल्यांकडे वाडा आणि सोने आहे, असे त्याला वाटते. दोघांचेही समज चुकीचे आहेत. याच वाड्यात प्रभा आहे, जिला पुढे शिकायचे होते आणि घराबाहेर पाठवले गेले नाही. आणि चित्रपटवेडी रंजू आहे, जी घरातील दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळून जाते. मुलगा नोकरीसाठी गेला तर त्याचा मान राहतो. एका मुलीची वाट अडवली जाते, तर दुसरीला पळून जाण्याखेरीज वाट दिसत नाही. घराबाहेर पडण्याचे मुलासाठीचे आणि मुलीसाठीचे दर वेगळे आहेत, हे या नाटकाइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

मुलीच्या बाबतीत घर सोडण्याचा समाजमान्य मार्ग एकच होता, तो म्हणजे सासरी जाण्याचा. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे; परंतु वसतिगृहातही दार बंद होण्याची वेळ ठरलेली. ‘सातच्या आत घरात’ (२००४) या चित्रपटाचे शीर्षक म्हणजे कित्येक घरांतील नियमाचेच वाक्य. या पार्श्वभूमीवर जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) अजूनही धक्का देतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित या चित्रपटात स्मिता पाटील यांनी रंगवलेली सुलभा सुखवस्तू घर, पती आणि मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या अधीक्षकपदावर रुजू होते. तिला कोणी हाकलले नाही, छळले नाही. तिला काम करायचे आहे, एवढेच. ती परत येते तेव्हा घराने तिच्याविना आपली घडी बसवलेली असते आणि ती पुन्हा निघते. कादंबरी व चित्रपट यांची शीर्षके शेजारी ठेवली तरी बरेच कळते.

चित्र बदलू लागले ते दोन कारणांनी, आणि त्यातील एक पुन्हा कायद्याचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. परवान्याची मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळवण्याची सोय मालकाला मिळाली, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले. मालकाचे भय ओसरले आणि कुलपे निघाली. त्याच सुमारास हिंजवडीसारख्या ठिकाणी माहिती तंत्रज्ञान उद्योग उभा राहिला, कॉल सेंटरे आली, आणि विशीतल्या मुलामुलींच्या हाती भाडे देण्याइतका पगार आला. घरात येण्याजाण्याच्या वेळाही बदलल्या. पहाटे तीनला कामावरून परतणाऱ्या मुलीची वाट पाहत जागणे कोणत्याच पालकांना झेपणारे नव्हते.

पडद्यावर हा बदल काहीसा उशिरा उमटला. ‘वेक अप सिड’मधील (२००९) श्रीमंत घरचा मुलगा मुंबईतच घर सोडतो, वडिलांशी भांडून, म्हणजे सक्ती तिथेही आहेच. मराठीत २०१५ हे वर्ष त्या दृष्टीने लक्षणीय ठरले. ‘डबल सीट’मध्ये चाळीतील नवविवाहित जोडपे पुन्हा जागेच्याच शोधात आहे, पण या वेळी मायेचे उत्तर त्यांना पुरत नाही, त्यांना घरच हवे आहे. सचिन कुंडलकर यांच्या ‘राजवाडे अँड सन्स’मध्ये पुण्यातील एकत्र कुटुंबातील तरुण पिढीला घरात सारे काही मिळते, मोकळीक तेवढी मिळत नाही. आणि ‘झी मराठी’वर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली. सासू-सुनांच्या मालिकांना सरावलेल्या वाहिनीवर मुंबईतील एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणारे सहा तरुण-तरुणी आले. त्या फ्लॅटचे नाव ‘माजघर’. वाड्यातील घरच्या माणसांचा, परक्याला सहज प्रवेश नसलेला भाग तो माजघर. नात्याने एकमेकांचे कोणीही नसलेल्यांनी आपल्या भाड्याच्या घराला हे नाव द्यावे, ही कल्पना लेखकांना सुचली आणि आईवडिलांच्या पिढीनेही ती मालिका पाहिली.

मात्र या कथांतून एक गोष्ट बहुधा वगळली जाते. ती म्हणजे पैसा. पडद्यावरचे तरुण मोठ्या खिडक्यांच्या घरात राहतात. अनामत रक्कम, दलालाला द्यावे लागणारे एका महिन्याचे भाडे, दर अकरा महिन्यांनी करार संपताच पुन्हा सुरू होणारी शोधाशोध, यांना कथेत जागा नसते. अनेकदा ही अनामत रक्कम ज्यांचे घर सोडले त्या वडिलांनीच भरलेली असते. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांसाठी कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा दोघांत वाटून खाणाऱ्या हजारो मुलांचे जगणे तर फ्लॅटमधील मैत्रीच्या मालिकांपासून फारच दूर आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा त्यांतील अनेकांना खोलीत सामान तसेच ठेवून गावी परतावे लागले.

घरमालकीण बदलली, पण अटी पुरत्या गेलेल्या नाहीत. सदनिका भाड्याने देण्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, संस्थेला कळवणे पुरेसे असते, असे आदर्श उपविधी सांगतात. तरीही ‘बॅचलर्सना नाही’ हे वाक्य दलालांच्या तोंडून रोज ऐकू येते. एकट्या मुलीला तर कोण येते-जाते, किती वाजता येते, याचा हिशेब सुरक्षारक्षकापासून समितीच्या सचिवापर्यंत द्यावा लागतो. घरच्यांच्या नजरेतून सुटून ती सोसायटीच्या नजरेत येते. आणि घरच्या नजरेत निदान काळजी होती, असे तिचे आईवडील म्हणाले, तर त्यांना पटकन उत्तर देता येत नाही.

एवढे सगळे पार पडून सामान टेम्पोत चढते. गादी, पंखा, पुस्तकांची खोकी, आईने न विचारता बांधून दिलेला कुकर. करारनाम्यावर सह्या होतात, अंगठ्यांचे ठसे घेतले जातात. त्या करारात परवानाधारकाच्या नावाखाली कायमच्या पत्त्याचा रकाना असतो. तिथे लिहिला जातो तो चार स्थानके अलीकडचा, आईवडिलांच्या घराचा पत्ता.