‘डेटा जात नाही, रूट करून देतो’: खरं किती, खोटं किती

कापसाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा फोन बोलण्यापुरता राहत नाही. ई-पीक पाहणी त्यावरच करायची. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा, तर ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणीही त्यावरच. काटापावत्यांचे फोटो, बँकेचं ॲप, नातवंडांचे व्हिडिओ, सगळं त्याच एका फोनमध्ये. आणि हाच फोन दोन-तीन वर्षांत हँग व्हायला लागतो. मग घरातलाच एखादा पोरगा म्हणतो, “काका, रूट करून देतो, फास्ट चालते. डेटा काही जात नाही.”

हे शेवटचं वाक्य फार जणांना महागात पडतं.

रूट करणं म्हणजे अँड्रॉइड फोनमधला सर्वाधिकार हाती घेणं. एरवी प्रत्येक ॲप स्वतःच्या हद्दीत राहतं. दुसऱ्या ॲपच्या माहितीला किंवा मूळ सिस्टीमला त्याला हात लावता येत नाही. रूट केलं की ती हद्द ओलांडता येते. पण आजच्या बहुतेक फोनमध्ये त्याआधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो, आणि डेटा जातो तो नेमका इथंच. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथं ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करून फोन कॉम्प्युटरला जोडतात आणि अनलॉकची कमांड देतात. फोनवर इशारा येतो की सगळी माहिती पुसली जाईल. आवाजाच्या बटणानं होकार दिला की परतीची वाट बंद.

ही कंपनीची आडमुठी अट नाही, फोनच्या मालकाचं ते संरक्षण आहे. चोरलेल्या फोनचा बूटलोडर डेटा न पुसता उघडता आला असता, तर स्क्रीन लॉकला काही अर्थच उरला नसता. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपातच साठवावी लागते. अनलॉक करताना ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. तिजोरी जागेवर राहते, पण तिची किल्ली वितळून गेलेली असते. म्हणून ‘नंतर रिकव्हरी मारून देतो’ हेही पोकळ आश्वासन. डिलीट झालेले फोटो परत मिळावेत म्हणून फोन रूट करायला देणारे लोक आहेत; त्यांचे उरलेले फोटोही जातात.

मग डेटा न जाता रूट होतं, ही समजूत आली कुठून? ती पूर्वी खरी होती. २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणानं ‘टॉवेलरूट’ काढलं. लिनक्सच्या कर्नलमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन ते एका बटणावर फोन रूट करायचं. बूटलोडरला हात नाही, डेटाही शाबूत. ‘किंगरूट’सारखी ॲपंही त्याच वाटेनं गेली. त्या त्रुटी पुढं बुजवल्या गेल्या, पण त्या काळचे व्हिडिओ आणि सल्ले अजून फिरताहेत. आज ‘एका क्लिकमध्ये रूट’ म्हणणारं ॲप दिसलं, तर ते फोनमध्ये घेऊच नये.

आज चालतं ते प्रामुख्यानं जॉन वू यांचं, २०१६ पासूनचं ‘मॅजिस्क’. ते बूट इमेज नावाची एक फाइल बदलतं, तुमच्या फोटोंना शिवत नाही. म्हणजे बूटलोडर आधीच अनलॉक असेल, तर रूट करताना डेटा सहसा जात नाही. दाव्यातला खरा भाग एवढाच. रोजच्या वापरातल्या, कधी न उघडलेल्या फोनला तो लागू होत नाही. शिवाय सगळे फोन उघडतही नाहीत: विवोसारख्या कंपन्या अनलॉकची अधिकृत सोय देत नाहीत, आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये त्यानंतर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, सिक्युअर फोल्डर बंद पडतं.

“बॅकअप तर आहेच की!” यातला घोटाळा बारकाईनं पाहायला हवा. व्हॉट्सॲप रोज रात्री बॅकअप घेतं, पण तो फोनच्याच मेमरीत असतो. फोन पुसला की तोही पुसला जातो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथं गुगल खातं जोडलेलं आहे का आणि शेवटच्या बॅकअपची तारीख कोणती, ते पाहा. कुठलाही नंबर उघडून तो ‘फोन’मध्ये सेव्ह आहे की गुगल खात्यात, तेही पाहा. गुगलचा आपोआप होणारा बॅकअप एका ॲपमागं २५ एमबीपर्यंतच माहिती ठेवतो, आणि कित्येक ॲप तेवढीही देत नाहीत. रेंज नसताना ई-पीक पाहणीत साठवलेली, अजून अपलोड न झालेली नोंद कुठल्याच बॅकअपमध्ये धरू नका. आधी रेंजमध्ये जाऊन ती पाठवा. सातबारा पुन्हा काढता येतो. गेलेल्या वडिलांचा आवाज असलेलं कॉल रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवा आणि त्यातले चार-दोन उघडून तपासा.

रूट बेकायदेशीर आहे, असंही काहींना वाटतं. स्वतःचा फोन रूट करण्यावर भारतात बंदी नाही. गुन्हा आहे तो आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख असलेला नंबर, बदलणं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. रूटसोबत ‘आयएमईआय पण मारून देतो’ असं कुणी म्हटलं, तर फोन हातात घ्या आणि तिथून निघा.

फोन रूट असला की बँकेची आणि यूपीआयची पुष्कळ ॲपं चालायला नकार देतात. ते लपवण्याच्या युक्त्या आहेत, पण आज चाललेली युक्ती उद्याच्या अपडेटला पडते. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावानं येणाऱ्या एपीके फायली साध्या फोनलाही लुबाडतात. रूट केलेल्या फोनमध्ये अशा फायलीला चुकून सर्वाधिकाराची परवानगी दिली, तर बाकीच्या ॲपांतली माहितीही तिला उघडी पडते.

आणि नुसतं रूट केल्यानं फोन फास्ट होत नाही. व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन ग्रुपवरचे जड व्हिडिओ काढले, तर मेमरी लगेच मोकळी होते. कंपनीची नको असलेली ॲपंही कॉम्प्युटरवरून कमांड देऊन, रूट न करता, आपल्यापुरती काढता येतात.

यवतमाळ-पुसदच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना हे शिकायचं असेल, तर त्यांनी जरूर शिकावं. फोन आतून कसा चालतो ते यातून कळतं. त्यासाठी घरात पडलेला जुना फोन घ्यावा, नेमक्या त्याच मॉडेलची मूळ फर्मवेअर आधी उतरवून ठेवावी, सिम आणि मेमरी कार्ड काढावं, आणि तो फोन वायफायवरच चालवावा. काकांचा फोन, ज्यावर ओटीपी येतात, त्याला हात लावू नये.