लॅपलँडमध्ये स्कीइंग : आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये, स्कीइंगला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट बघतात. खरं तर आधी ठरवायला हवा तो महिना. बर्फाची काळजी तिथे फारशी नसते. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत तो जमिनीवर असतोच. फरक पडतो तो उजेडाचा आणि थंडीचा. पहिल्यांदा स्कीवर उभं राहणाऱ्याची सहल सुखाची होणार की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरतं.

लेव्ही आणि युल्लास ही तिथली दोन मोठी स्की केंद्रं आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहेत. नोव्हेंबरात लेव्हीला स्लॅलमची विश्वचषक शर्यत होते आणि जिंकणाऱ्याला चक्क रेनडिअर बक्षीस मिळतं. पण दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर मोजकेच उतार खुले असतील आणि दिवसही फार लहान असेल. डिसेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरीपर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, एरवी उतारांवर दिवे लावतात. जानेवारी-फेब्रुवारीत पारा उणे तीसच्याही खाली जाऊ शकतो. देशातलं नीचांकी तापमान, उणे ५१.५ अंश सेल्सिअस, २८ जानेवारी १९९९ रोजी लेव्ही ज्या किट्टिला भागात आहे, त्याच भागातल्या पोक्का गावी नोंदवलं गेलं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फिनलंडमधल्या शाळांना टप्प्याटप्प्याने हिवाळी सुट्टी असते. त्या दिवसांत गर्दी असते आणि भाडीही चढलेली असतात.

म्हणून पहिल्या खेपेला मार्चचा उत्तरार्ध किंवा एप्रिल निवडा. २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होते, पुढे दिवस झपाट्याने वाढतो. बर्फाचा थर याच सुमारास सर्वांत जाड असतो. मार्चअखेरपर्यंत रात्री पुरेशा काळोख्या असतात, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यताही राहते. मुलांच्या वार्षिक परीक्षांमुळे एप्रिलअखेरपर्यंत थांबावं लागणार असेल, तर केंद्र किती तारखेपर्यंत सुरू आहे ते आधी बघा आणि स्कीइंग सकाळी उरका. रात्री गोठलेला बर्फ दुपारच्या उन्हात मऊ आणि जड होतो.

आता जागा. इथल्या डोंगरांना उंची बेताचीच. युल्लासचा माथा ७१८ मीटरवर, म्हणजे आपल्या माथेरानहूनही कमी. विरळ हवेचा त्रास होण्याचा प्रश्नच नाही. लेव्हीला उतार, दुकानं आणि हॉटेलं सगळं चालण्याच्या अंतरावर आहे; गाडी न घेता राहणाऱ्यांना ते सोयीचं. युल्लास जास्त शांत आहे आणि क्रॉस-कंट्रीसाठी फार छान. जंगलातून, गोठलेल्या तळ्यांवरून आखलेल्या वाटांचं जाळं तिथे ३०० किलोमीटरहून मोठं आहे. यंत्राने बर्फात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, त्यांत स्की ठेवून पुढे सरकायचं. त्या खाचांवर पायी मात्र चालू नये. त्या मोडतात आणि मागून येणारा पडतो.

मुंबई-पुण्याहून वाटेत विमान बदलून हेलसिंकी गाठायचं आणि तिथून साधारण दीड तासात किट्टिला. विमानतळावरून दोन्ही केंद्रांकडे बस मिळते. दुसरा पर्याय रात्रीच्या रेल्वेचा. हेलसिंकीहून कोलारीपर्यंत शयनयान आहे आणि कोलारीहून युल्लास जवळच आहे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात स्कीइंगचा अपघात धरलेला असेलच असं नाही; पॉलिसीत तसं स्पष्ट लिहून घ्या. खाऊ बांधतानाही एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच राहू द्या. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले न्या, कारण राहायला स्वयंपाकघर असलेलं लाकडी कॉटेजच घेणं चार जणांना परवडतं. चादरी आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरलेली आहे का, ते बुकिंग करतानाच विचारा. बहुतेक कॉटेजमध्ये सौना असतो आणि कपडे वाळवायचं कपाटही. त्यात गरम हवा खेळत असते. ओले हातमोजे तोंड खाली करून दांडीवर अडकवले की सकाळी कोरडे मिळतात.

स्की, बूट, हेल्मेट विकत घेऊ नका, तिथे भाड्याने घ्या. बूट घालताना एकच पातळ, लांब लोकरी मोजा हवा. दोन मोजे घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट गार पडतात. बूट बांधून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत. मग दुकानातला माणूस तुमचं वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारून स्कीवर बूट धरून ठेवणारी पकड बसवतो. पडल्यावर बूट स्कीतून वेळेवर सुटतो तो याच मापामुळे, नाहीतर पाय पिळवटतो. म्हणून वजन खरं सांगा आणि नवशिके आहात हेही सांगा.

अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन नको; घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गारठतं. चारी बोटं एकत्र राहणारे मिटन पाच बोटी हातमोज्यांपेक्षा उबदार असतात. लिफ्टमध्ये बसल्यावर एकमेकांच्या गालांकडे आणि नाकाकडे बघत राहा. पांढुरका डाग दिसला तर लगेच आत जा आणि उबदार तळहाताने ती जागा झाका. चोळायची अजिबात नाही.

पहिले दोन दिवस प्रशिक्षकाकडे शिका. स्कीची टोकं जवळ आणि मागचा भाग फाकवून वेग मोडता आला की पुढचं सगळं सोपं होतं. उतारांमध्ये हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. निळ्यावर मनात येईल तिथे थांबता येऊ लागल्याशिवाय लालकडे वळू नका. अडचण आली तर ११२ लावा. फोन मात्र आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

आणि आठवड्यातला एक दिवस कोणतंही बुकिंग न करता मोकळा ठेवा. वारा वाढला की लिफ्ट बंद होतात आणि पारा फार उतरला की लहान मुलांना बाहेर काढता येत नाही. मोकळा दिवस हाताशी असला की बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी घेता येतो आणि भर थंडीत हट्टाने उतारावर जायची वेळ कुणावर येत नाही.