मुल्ला नावाची पेढी

आमच्या वडाळ्यात बरकत अली नाक्यावर वारसाहक्काचा वाद निघाला, की कोणी तरी हटकून म्हणतो, "मुल्लात काय लिहिलंय ते बघा." ऐकणाऱ्याला वाटते, हा कोणी मोठा मौलवी असणार. दाढी, टोपी, समोर अरबी किताब. प्रत्यक्षात हे मुल्ला पारशी होते. दिनशा फर्दुनजी मुल्ला त्यांचे नाव. ते मुंबईचे सॉलिसिटर. आपले भाऊ रुस्तमजी यांच्याबरोबर १८९५ साली त्यांनी काढलेली पेढी आजही फोर्टात महात्मा गांधी मार्गावरच्या 'मुल्ला हाऊस'मधून काम करते. पारशांतही मुल्ला म्हणजे विद्वान. मुल्ला फिरोज यांचा ग्रंथसंग्रह मुंबईच्या कामा इन्स्टिट्यूटमध्ये जपलेला आहे, तेही पारशीच.

सॉलिसिटरांची पेढी म्हणजे नेमके काय, हे आज अनेकांना ठाऊक नसते. मुंबईत इंग्रजांनी आपल्या देशातली पद्धत आणली होती. १८२४ मध्ये इथे सुप्रीम कोर्ट सुरू झाले आणि १८६२ मध्ये त्याच्या जागी हायकोर्ट आले. या हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला, वकिलीचे दोन भाग होते. अशील बॅरिस्टरकडे थेट जाऊ शकत नसे. त्याने आधी सॉलिसिटरकडे जायचे. सॉलिसिटर त्याची हकिगत ऐकणार, कागद तपासणार, मसुदे करणार, मग सगळ्याचे ब्रीफ बांधून बॅरिस्टरच्या हाती देणार. कोर्टात उभे राहून बोलायचे ते बॅरिस्टरने. नाव गाजायचे बोलणाऱ्याचे. गिरण्यांची खतपत्रे, गोदीचे करार, शेटियांची मृत्युपत्रे, ट्रस्ट, गहाणखते हे सगळे मात्र पेढीच्या टेबलावर तयार व्हायचे. वकील माणूस मेला की त्याची वकिली संपते. पेढीचे तसे नाही. भागीदार बदलतात, पण नाव आणि कागदांच्या पेट्या राहतात. आजोबांचे मृत्युपत्र जिथे झाले, तिथेच नातू आपली जागा विकायला येतो.

मुल्लांची पेढी काही मुंबईतली सर्वांत जुनी नव्हे. क्रॉफर्ड बेली ही पेढी आपला आरंभ १८३० पासून सांगते, लिटल अँड कंपनी १८५६ पासून. या दोन्ही गोऱ्या साहेबांच्या. त्या जगात शिरलेला पहिला हिंदी माणूस मुसलमान होता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कमरुद्दीन तय्यबजी १८५८ मध्ये इंग्लंडात सॉलिसिटर झाले. त्यांचेच धाकटे भाऊ बदरुद्दीन तय्यबजी. ते १८६७ मध्ये मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना त्यांनीच जामीन दिला. तरुण बॅरिस्टर गांधींनीही १९०२ मध्ये मुंबईत जम बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा पेन, गिल्बर्ट आणि सयानी या पेढीच्या कचेरीतच खोल्या भाड्याने घेतल्या होत्या.

मग मुल्लांचे वेगळेपण कशात? पेढ्या अनेक होत्या, पण दिनशा मुल्लांनी कायद्याची पुस्तके लिहिली आणि ती घरोघरच्या वादांपर्यंत पोचली. फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज पंडिताबरोबर करार कायद्यावरचे भाष्य, दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे भाष्य, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, हिंदू कायदा आणि मुसलमानी कायदा. एका पारशी माणसाने दोन परधर्मांचे कायदे इतक्या नीट मांडले, की दोन्हीकडचे वकील शंभर वर्षे त्याच्याच पुस्तकावर बोट ठेवून भांडत आले. १९३० मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. १९३४ मध्ये ते वारले. पुढे क्रेगी, ब्लंट अँड कॅरो ही इंग्रजी नावांची पेढीही मुल्लांच्या नावाला जोडली गेली. आजचे नाव 'मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो' असे लांबलचक आहे.

मुसलमानी कायद्याच्या पुस्तकाची गरज मुंबईत का पडली, तेही समजून घेतले पाहिजे. इंग्रज न्यायाधीशाला अरबी येत नसे. त्याच्यासमोर येणारे मुसलमानही एकसारखे नसत. कोकणी, बोहरी, खोजे, कच्छी मेमन, प्रत्येकाची रीत निराळी. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला, की या जमातींत हिंदूंसारखी चाल पूर्वापार आहे, म्हणून चाल चालेल, मुलींना वाटा नाही. धर्मग्रंथाने दिलेले चालीने काढून घेतले आणि कोर्टाने त्यावर शिक्का मारला. ही स्थिती बदलायला १९३७ चा शरीयत कायदा आणि १९३८ चा कच्छी मेमन कायदा यावा लागला. मधल्या नव्वद वर्षांत किती मुली रित्या हाताने सासरी राहिल्या असतील!

अशा गोंधळात मुल्लांनी काय केले? त्यांनी नवा कायदा सांगितला नाही. 'हिदाया'सारख्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे आणि कोर्टांचे निकाल यांच्या आधारे एकेक नियम आकडा घालून, छोट्या वाक्यात मांडला. खाली उदाहरण दिले. वाटण्यांची कोष्टके केली. पेढीतला मसुदा लिहिणारा हात त्यात दिसतो. फुलोरा नाही, एक शब्द जास्त नाही. मी कविता लिहितो, तरी या गद्याचा मला हेवा वाटत आला आहे.

हे कोष्टक माझ्याही घरी आले. वडील गेले तेव्हा मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. ओळखीच्या वकिलाने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. मुले असताना विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. एकूण अठ्ठेचाळीस भाग धरले तर आईचे सहा, आम्हा भावांचे चौदा-चौदा, बहिणींचे सात-सात. धाकटी बहीण बराच वेळ कागदाकडे पाहत होती. मग तिने विचारले, "भाईजान, हे कुराणात आहे, की मुल्लात?"

प्रश्न साधा नव्हता. मुलीला मुलाच्या निम्मे, हे कुराणातच आहे. ज्या काळी मुलीला काहीच मिळत नसे, त्या काळी ते दिलेले आहे. पण कोर्टात ते पोचते ते मुल्लांच्या कलमातून. त्याच पुस्तकात दुसरेही नियम आहेत. जिवंतपणी माणूस आपली मालमत्ता कोणालाही बक्षीस देऊ शकतो. त्याला 'हिबा' म्हणतात. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा, एवढे पुरते. वारस आपल्या वाट्याला आलेले दुसऱ्या वारसाला खुशीने देऊ शकतो. आम्ही भावांनी साडेतीन-साडेतीन भाग बहिणींना दिले. चौघांचे साडेदहा-साडेदहा झाले. त्यासाठी ना कुराण मोडावे लागले, ना मुल्ला. धाकटीने मात्र ऐकवले, "तुम्ही दिलंत म्हणून मिळालं. हक्क सातचाच." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

पुस्तक म्हणजे कायदा नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. २३ एप्रिल १९८५ च्या शाहबानो निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी मुल्लांचे कलम उद्धृत केले. बदरुद्दीन यांचे चिरंजीव फैज तय्यबजी यांच्या ग्रंथाचाही हवाला दिला. घटस्फोटितेची पोटगी इद्दतीपुरतीच, असा त्या विधानांचा अर्थ लावला जात होता. चंद्रचूडांनी म्हटले, की स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या घटस्फोटितेबाबत नवऱ्याची जबाबदारीच नाही, हे सिद्ध करायला पाठ्यपुस्तकांतली ही विधाने पुरेशी नाहीत. पुढे १९८६ चा कायदा आला. २००१ च्या डॅनियल लतीफी निकालाने त्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले, की फौजदारी संहितेतली पोटगी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही मागू शकते. मुल्लांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नागपुरात वकिली केलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला हे त्याचे एक संपादक. पारशाचे मुसलमानी कायद्याचे पुस्तक मुसलमान न्यायमूर्तींनी सुधारले.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर हा जुना भेद १९७७ च्या आरंभी कायद्याने संपला. आता सगळेच ॲडव्होकेट. तरी १८९४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेत आली आहे, आणि हायकोर्टाच्या कागदांवर अमुक पेढीच्या सूचनेवरून अमुक वकील, अशी नोंद दिसते. जुन्या पेढ्यांसमोर आता शेकडो वकिलांच्या नव्या मोठ्या फर्म उभ्या आहेत.

आमच्या वडाळ्यात विठोबाचे देऊळ आहे, बरकत अलींचे नाव आहे, आणि चार पावलांवर पारशी कॉलनी. त्यांतल्या हिंदूंचे आणि मुसलमानांचे वाटणीचे कागद एकाच पारशी माणसाच्या पुस्तकांवरून तपासले गेले आहेत. ती पुस्तके वकिलांच्या कपाटात असतात. घरात वाटणीची बोलणी निघण्याआधी, विशेषतः घरातल्या मुलींनी, त्यातले वारसाहक्काचे प्रकरण एकदा कोणाकडून तरी समजावून घ्यावे. आपला हक्क किती आणि भावाची खुशी किती, हे तिला कागद समोर येण्याआधी ठाऊक असलेले बरे.