जुन्या मासेमारी नौकेसाठी नवी मोटार निवडताना

केरळच्या किनाऱ्यावरील हजारो लहान मासेमारी नौका पिछाडीला बसविलेल्या आउटबोर्ड मोटारींवर चालतात. कोकणातील आणि गोव्यातील अनेक लहान होड्यांनाही अशाच मोटारी असतात. नौकेचे आयुष्य मोटारीपेक्षा सहसा अधिक असते. त्यामुळे एकाच नौकेसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोटार घेण्याची वेळ येते. अशा वेळी विक्रेत्याकडील पहिला प्रश्न बहुधा अश्वशक्तीचा असतो. जुन्या नौकेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न शेवटी विचारायला हवा. नौकेची मागची फळी किती भार पेलू शकते, तिचा तळ किती वेग घेऊ शकतो आणि बंदरावर कोणते इंधन खात्रीने मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, तर अश्वशक्तीचा आकडा जवळजवळ आपोआप ठरतो.

या निर्णयात केवळ पैशांचा प्रश्न नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात वामनपुरम नदी समुद्राला मिळते त्या मुदलप्पोळी बंदराच्या मुखाशी नौका उलटून मच्छीमारांचे प्राण गेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. फुटणाऱ्या लाटांमधून बाहेर पडताना किंवा परत येताना मोटार क्षणभर बंद पडली, तरी नौका लाटेला आडवी होते. केरळमध्ये ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते, परंतु पारंपरिक नौकांना समुद्रात जाण्याची मुभा असते. म्हणजेच समुद्र सर्वाधिक खवळलेला असतानाच लहान नौकेच्या मोटारीची खरी कसोटी लागते.

मागची फळी आधी तपासावी

आउटबोर्ड मोटारीचा सारा भार आणि ढकलण्याचा सारा जोर नौकेच्या मागच्या फळीवर येतो. फायबरच्या अनेक नौकांमध्ये या फळीच्या आत प्लायवुड असते. वर्षानुवर्षे बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपल्यामुळे आतील लाकूड कुजते, बाहेरून मात्र फायबर धडधाकट दिसते. लाकडी हातोडीने फळी सर्वत्र ठोकून पाहावी. जेथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येईल, तेथे आतून बारीक भोक पाडावे. भुसा काळसर आणि ओला निघाला, तर फळी बदलणे आवश्यक आहे. जुनी मोटार वर उचलून तिच्या खालच्या भागावर दाब दिल्यास फळी वाकताना दिसते का, हेही पाहावे. फळी वाकत असेल, तर मोटारीपूर्वी फळीवर खर्च करणे हिताचे आहे.

त्यानंतर फळीची उंची मोजावी. मोटार टेकते त्या कडेपासून तळापर्यंतचे उभे अंतर मोजले जाते. आउटबोर्ड मोटारींच्या दांड्याची लांबी प्रामुख्याने १५, २० आणि २५ इंच अशा तीन मापांत मिळते. पंख्याच्या वर असणारी आडवी पट्टी नौकेच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. दांडा आखूड पडला, तर लाटेत पंखा हवा ओढतो, मोटार नुसतीच फिरते आणि नौका पुढे सरकत नाही. दांडा फार लांब असेल, तर पाण्याचा विरोध वाढून इंधन वाया जाते आणि उथळ पाण्यात पंखा वाळूला लागतो. जुन्या मोटारीचे माप डोळे झाकून स्वीकारू नये, कारण आधीच्या मालकाने फळीवर लाकडाचा ठोकळा चढविला असण्याची शक्यता असते.

वजनाचा हिशेब

जुनी मोटार दोन स्ट्रोकची आणि नवी चार स्ट्रोकची असेल, तर वजनातील फरक विसरून चालणार नाही. ४० अश्वशक्तीची दोन स्ट्रोकची मोटार साधारणपणे ७० ते ८५ किलो वजनाची असते, तर तेवढ्याच शक्तीची चार स्ट्रोकची मोटार बहुधा ९५ किलो किंवा त्याहून अधिक भरते. पिछाडीला वीस-पंचवीस किलो वाढणे म्हणजे मागची कड पाण्याच्या अधिक जवळ येणे होय. मागून येणारी लाट त्याच कडेवरून आत शिरते. जुन्या नौकेच्या लाकडात आणि फोममध्ये पाणी मुरलेले असल्याने ती मुळातच जड झालेली असते.

याची परीक्षा सोपी आहे. शांत पाण्यात जुनी मोटार जागेवर ठेवून, वाढणाऱ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या पिछाडीला ठेवाव्यात. जाळी, इंधन, बर्फ आणि सर्व खलाशी नौकेत घ्यावेत आणि मागची कड पाण्यापासून किती उंच राहते ते पाहावे. ही उंची फारच कमी भरली, तर इंधनाची टाकी पुढे सरकवावी किंवा हलकी मोटार निवडावी.

अधिक अश्वशक्ती म्हणजे अधिक वेग नव्हे

पाणी कापत चालणाऱ्या जड नौकेच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांबीच्या नौकेसाठी ती सुमारे ६.७ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटर इतकी येते. त्यापलीकडे नौका स्वतःच निर्माण केलेल्या लाटेवर चढू पाहते. अशा नौकेला दुप्पट शक्तीची मोटार लावली, तरी वेग थोडाच वाढतो, इंधन मात्र भरमसाट जळते. सपाट तळाच्या हलक्या फायबर नौकेची गोष्ट वेगळी आहे. ती पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते आणि वाढीव शक्तीचा तिला उपयोग होतो. परंतु जाळी आणि मासळीने भरल्यावर तीही बहुतेक वेळ जड नौकेसारखीच चालते.

जड नौकेला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटऐवजी सात नॉट वेगाने जाणाऱ्या मोठ्या नौकेला सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी लागते. वेळ अधिक लागतो हे जमेस धरूनही तेच अंतर कापताना २० टक्क्यांहून अधिक बचत होऊ शकते. लहान मोटार पूर्ण जोराने पळविण्यापेक्षा योग्य आकाराची मोटार तीन चतुर्थांश जोराने चालविणे तिच्या आयुष्यासाठीही हितकारक ठरते. बंदराच्या मुखाशी लाटांतून निघण्यासाठी हाताशी राखीव जोर राहतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक?

दोन स्ट्रोकची मोटार हलकी, रचनेने साधी आणि किनाऱ्यावरील कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येण्याजोगी असते. तिचा दोष इंधनाचा आहे. कार्बुरेटरच्या दोन स्ट्रोक इंजिनात ताजे इंधन आत येत असताना धुराचे दारही उघडे असते. त्यामुळे इंधनाचा पाव भागापर्यंतचा हिस्सा न जळताच बाहेर पडू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्ड मोटारींसाठी उत्सर्जनाचे नियम केले, त्यामागे हेच कारण होते. याशिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. अनेक मोटारींसाठी ५० लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल असे हे प्रमाण असते.

चार स्ट्रोकची मोटार मध्यम वेगाला विशेष काटकसरीने चालते आणि धूर कमी करते. ती महाग आणि जड असते, तिचे ऑइल ठरावीक तासांनी बदलावे लागते आणि प्रशिक्षित कारागीर जवळ असावा लागतो. निवड करताना वर्षातील वापराचे दिवस मोजावेत. रोज दोन लिटर इंधन वाचले आणि नौका वर्षाला २०० दिवस समुद्रात गेली, तर ४०० लिटरची बचत होते. त्या रकमेतून किमतीतील फरक किती वर्षांत फिटतो, हे काढून पाहावे. महिन्यातून चार-पाच वेळाच बाहेर पडणाऱ्यास हा फरक भरून निघणे कठीण असते.

इंधनाचा प्रश्न

केरळमध्ये दीर्घकाळ रॉकेलवर चालणाऱ्या मोटारींचा प्रघात राहिला. अशी मोटार पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतर रॉकेलवर नेली जाते. थांबविण्यापूर्वी ती पुन्हा पेट्रोलवर आणली जाते. रेशनच्या रॉकेलवरील केंद्राचे अनुदान मार्च २०२० पासून संपुष्टात आले आणि २०२२ मध्ये रॉकेलच्या किमती भडकल्या. त्यामुळे रॉकेलची मोटार आता स्वस्त पडेल असे गृहीत धरता येत नाही. राज्याकडून मिळणारा कोटा आणि प्रत्यक्ष पुरवठा यांची खात्री करूनच ती घ्यावी.

पेट्रोलच्या मोटारीबाबत एक नवी दक्षता आवश्यक आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. आउटबोर्ड मोटारींच्या अनेक पुस्तिकांमध्ये मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. दोन स्ट्रोकच्या मोटारीत हा थर शिरला, तर इंजिनाला वंगण मिळत नाही आणि ते जाम होण्याचा धोका असतो. म्हणून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इंधनाची जुनी रबरी नळी नव्या मोटारीला जोडू नये, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि पेट्रोल फार दिवस साठवू नये.

पंखा, सुटे भाग आणि कागदपत्रे

योग्य पंख्याशिवाय चांगली मोटारही निष्प्रभ ठरते. जड नौकेला मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा पंखा मानवतो. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जेवढे अंतर पुढे सरकेल ते. नेहमीच्या भारासह पूर्ण जोर दिल्यावर मोटारीचे फेरे पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत यायला हवेत. फेरे कमी पडल्यास पिच कमी करावा. एक इंच पिच कमी केल्याने मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात.

वापरलेली मोटार घेताना प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल किंवा गिअरचे ऑइल दुधाळ दिसत असेल, तर व्यवहार टाळावा. सुटे भाग कोठे मिळतात याची चौकशी बंदरावरच करावी. इव्हिनरूड या जुन्या आणि नामांकित मोटारींचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. ब्रँड कितीही प्रसिद्ध असला, तरी पाण्याच्या पंपाचे रबरी चाक गावात मिळत नसेल, तर ऐन हंगामात नौका किनाऱ्यावर बसून राहते.

शासकीय साहाय्याच्या अटी राज्याराज्यांत भिन्न असल्याने खरेदीपूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाकडून त्या लेखी घ्याव्यात. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे, मात्र ती मुख्यतः खेळत्या भांडवलासाठी आहे. नौकेच्या नोंदणीत आणि विम्यात इंजिनाचा क्रमांक असल्यास तो नव्या मोटारीनुसार बदलून घ्यावा.

मोटार बसविल्यानंतरची पहिली फेरी किनाऱ्याजवळ, शांत हवेत आणि दुसऱ्या नौकेच्या सोबतीने करावी. जुनी मोटार चालू स्थितीत असेल, तर ती लगेच विकण्याची घाई करू नये. नवी मोटार एका पावसाळ्यातून पार पडेपर्यंत जुनी हाताशी असणे उपयुक्त ठरते. आणि मोटार कितीही नवी असली, तरी वल्ही, नांगर आणि जीवनरक्षक जाकिटे नौकेतून उतरवू नयेत.