बरणीतील रिकामी जागा

गुंदच्या पावसात लोणच्याची बरणी टिकवणे सोपे नव्हे. आमच्या मातोश्री म्हणत, “फोडींवर दोन बोटे तेल राहिलेच पाहिजे.” हे वाक्य आम्ही बालपणापासून ऐकत आलो; त्यातील मर्म मात्र पन्नाशी उलटल्यावर, गोव्यातील सासष्टीत एका स्नेह्यांच्या घरी उमगले.

तेथील ख्रिस्ती घरांतून नाताळासाठी द्राक्षांची वाइन करण्याची रीत आहे. द्राक्षे कुस्करून साखर व यीस्ट घातले की रस आंबू लागतो. या काळात भांडे चतुर्थांश रिकामे ठेवतात. कारण फेस वर चढतो, आणि सतत निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरच्या हवेला आत शिरू देत नाही. आंबणे थांबले की गाळ तळाशी बसतो. मग वरची नितळ वाइन रबरी नळीने दुसऱ्या बरणीत घेतात. गाळ मागे राहिल्याने पातळी अर्थातच घटते.

ती तूट भरण्यासाठी स्नेह्यांनी एक बाटली राखली होती. आम्ही विद्वत्तेच्या तोऱ्यात म्हणालो, “असू द्या, थोडी मोकळी जागा हवीच.” पाहुण्याचा, त्यातून मुख्याध्यापकाचा शब्द! त्यांनी तो मोडला नाही. नाताळात बरणी उघडली, तो शिरक्याचा आंबूस दर्प आला. ती नातीच्या लग्नासाठी राखलेली होती. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री एवढेच म्हणाल्या, “माशाच्या लोणच्याला होईल.” आमची मान खाली गेली.

लुई पाश्चर यांनी १८६६ साली वाइनवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मद्याचा शिरका करणारे सूक्ष्म जीव हवेवर पोसतात, हे त्यांच्याच संशोधनाने दाखविले. आंबणे थांबल्यावर रक्षक वायू उरत नाही आणि रिकामी जागा या जीवांचे कुरण होते. म्हणून बरणी त्याच जातीच्या वाइनने बुचाखाली बोटभर अंतरापर्यंत भरावी. पाण्याने भरल्यास ती पातळ होते. राखीव वाइन नसेल तर लहान भांड्यात ओतावी, किंवा उकळून स्वच्छ केलेल्या काचेच्या गोट्या सोडून पातळी वर आणावी. अगदी काठोकाठ मात्र भरू नये. उष्म्याने वाइन प्रसरण पावते. अर्थात, हा खटाटोप करण्यापूर्वी आपल्या राज्याचा अबकारी कायदा जाणून घेणे अगत्याचे.

दोन बोटे तेल आणि बोटभर जागा, दोहोंमागे हवेची वाट अडवण्याचा एकच विचार आहे. एम. ए. होऊनही आम्हांला तो आईच्या बरणीत दिसला नव्हता.