रत्नागिरी–मंडाले : हवाई अंतर आणि उड्डाणकाल

रत्नागिरी आणि म्यानमारमधील मंडाले ही दोन शहरे इतिहासाने एकमेकांशी जोडली आहेत. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून मंडालेहून दूर रत्नागिरीत ठेवले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. या दोन स्थळांमधील हवाई अंतराला एकच निश्चित उत्तर आहे. ते कापण्यास लागणाऱ्या वेळेला मात्र तसे नाही.

रत्नागिरी सुमारे १७° उत्तर अक्षांश व ७३.३° पूर्व रेखांशावर, तर मंडाले सुमारे २२° उत्तर व ९६.१° पूर्व येथे आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून केलेले मोजमाप येथे फसवे ठरते. रेखांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर असते. रत्नागिरीच्या अक्षांशावर ती १०६, तर मंडालेच्या अक्षांशावर १०३ होते. म्हणून गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजेच बृहद्वृत्ताचा कंस, विचारात घ्यावा लागतो. हा कंस पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे २२ अंशांचा कोन करतो व त्याची लांबी सुमारे २,४५० किलोमीटर भरते. दख्खनचे पठार, ओडिशाचा किनारा आणि बंगालचा उपसागर ओलांडून तो ब्रह्मदेशात शिरतो.

ताशी ८२० किलोमीटर वेगाच्या विमानास स्थिर हवेत हे अंतर कापण्यास तीन तास लागतील. चढण्या-उतरण्याचा वेळ त्यात मिळवावा लागेल. परंतु हवा स्थिर नसते. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यांचा वेग मार्गाच्या दिशेने ताशी ६० किलोमीटर धरल्यास मंडालेस जाताना दोन तास ४७ मिनिटे, तर परतताना तीन तास १३ मिनिटे लागतील. पावसाळ्यात हा हिशेब उलटतो. कोकणच्या भूमीवर नैर्ऋत्य वारा घोंघावत असतो, त्याच वेळी त्या उंचीवर पूर्वेकडील वारे प्रबळ असतात. छत्री उलटवणारा वारा वरच्या विमानाच्या उपयोगी पडेल, असे समजण्याचे कारण नाही!

वेळापत्रक वाचताना आणखी एक घोटाळा संभवतो. म्यानमारची प्रमाणवेळ भारताच्या एक तास पुढे आहे. त्यामुळे तीन तासांचे उड्डाण जाताना घड्याळावर चार तासांचे, तर येताना दोनच तासांचे दिसते. शिवाय हे सारे गणित थेट उड्डाणाचे आहे. प्रत्यक्षात या प्रवासात विमाने बदलावी लागतात व प्रतीक्षेचा वेळ उड्डाणकालाहून अधिक होऊ शकतो.

थिबाच्या प्रवासातही मुक्कामाचाच काळ मोठा होता. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस त्याने मंडाले सोडले. इरावतीतून आगबोटीने रंगून, तेथून समुद्रमार्गे मद्रास आणि तेथील मुक्कामानंतर एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, असा तो साडेचार महिन्यांचा क्रम होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच निवर्तला. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, ती रंगूनपर्यंत. तेथून मंडाले हवाई अंतराने सुमारे ५७५ किलोमीटर आहे. १९२५ मध्ये तिचा मृत्यू रंगूनमध्येच झाला.